वळिवड्याला उतरलेली माणसं

१९४२ चा एप्रिल मुंबईत धास्तीतच उजाडला. रंगून मार्चमध्ये पडलं होतं. ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले, दुसऱ्या दिवशी विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर. ब्रह्मदेशातले लाखो हिंदी लोक डोंगरजंगलं तुडवत आसामकडे निघाले होते. दिल्लीत क्रिप्सच्या वाटाघाटी मोडीत निघत होत्या. त्याच महिन्यात वांद्र्यात शंभराहून जास्त पोलिश मुलं येऊन राहिली. सोव्हिएत तुर्कमेनिस्तानातलं अश्काबाद, तिथून ट्रकनं इराणचं मशहद, मग जाहेदान, क्वेट्टा आणि शेवटी मुंबई, असा त्यांचा प्रवास झाला होता. बरीचशी अनाथ होती. काहींना आईबापांनी स्वतःच्या हातानं दुसऱ्यांच्या हवाली केलं होतं, निदान पोर तरी जगेल म्हणून.

मुंबईतले पोलंडचे महावाणिज्यदूत युजेनियुश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा यांच्या खटपटीनं ही मुलं इथवर आली. सोबतच्या मोठ्या माणसांत हांका ओर्दोनुव्हना होती. युद्धापूर्वीच्या वॉर्साची ही लाडकी गायिका आणि नटी. तीही सोव्हिएत अटकेतून सुटलेली, क्षयानं पोखरलेली. मुलांना वांद्र्यात तीनेक महिने ठेवलं. इथली हवा मानवावी, पोटात अन्न ठरावं, एवढ्याचसाठी तो मुक्काम होता.

स्टॅलिनच्या राज्यातून जिवंत सुटून हिंदुस्थानात आलेल्या माणसांची ही पहिली तुकडी. त्यांच्यामागून हजारो आली, आणि त्यांतली सुमारे पाच हजार कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याला पाच वर्षं राहिली. कोल्हापुरात ही गोष्ट आता आतिथ्याची कहाणी म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण अतिथी कुठून, कसे सुटले आणि किती जण सुटलेच नाहीत, हे सोडून दिलं तर तिच्यातलं निम्मं निसटतं.

पोलंडवर हिटलर चालून गेला हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरी बाजू कमी सांगितली जाते. २३ ऑगस्ट १९३९ ला जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी मॉस्कोत अनाक्रमणाच्या करारावर सह्या केल्या आणि त्याच्या गुप्त पुरवणीत पोलंड वाटून घेतला. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन फौजा घुसल्या, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत. पूर्व पोलंड रशियाच्या घशात गेला आणि तिथं ‘धोकादायक’ माणसांच्या याद्या तयार होऊ लागल्या. पहिल्या महायुद्धानंतर जमिनी मिळालेले माजी सैनिक त्यांत होते, जंगलखात्याचे नोकर होते, पोलीस, शिक्षक, न्यायाधीश होते. यादीत नाव एकाचं आलं तरी उचललं जायचं अख्खं कुटुंब. तान्ह्या मुलापासून आजीपर्यंत.

पहिली मोठी उचल १० फेब्रुवारी १९४० ला झाली. कडाक्याच्या थंडीत, रात्री, गुप्त पोलीसखात्याची माणसं बंदुका घेऊन दारात. बांधाबांधीला कुणाला अर्धा तास मिळाला, कुणाला दोन. या अर्ध्या तासात काय उचललं यावर पुढं जगणं-मरणं ठरलं. भरजरी पडदे घेणारे पस्तावले. पिठाची गोणी, कुऱ्हाड आणि शिवणयंत्र घेणारे तरले, कारण पुढं शिवणयंत्रावर भाकरी मिळत होती आणि भरजरी पडदे बाजारात बटाट्यांच्या मोलानं जात होते. स्टेशनवर गुरांचे डबे उभे होते. आत फळ्यांचे माळे, मधोमध लोखंडी शेगडी, तळाला एक भोक तेवढंच शौचालय. प्रवास तीन-चार आठवड्यांचा. वाटेत गेलेली म्हातारी आणि लेकरं रुळांच्या कडेला बर्फात ठेवून गाडी पुढं जायची. अशा चार उचली झाल्या: फेब्रुवारी, एप्रिल आणि जून १९४०, आणि शेवटची मे-जून १९४१ मध्ये. सोव्हिएत कागदपत्रांच्या हिशेबानं या चार फेऱ्यांत नेलेली माणसं सव्वातीन लाखांच्या आसपास भरतात. पोलिश अंदाज यापेक्षा बरेच मोठे होते.

त्यांना नेलं ते उत्तरेला अर्खांगेल्स्क आणि कोमीच्या जंगलांत, सायबेरियात, कझाकस्तानच्या माळरानांवर. वळिवड्याला पुढं जी कुटुंबं आली त्यांतली पुष्कळशी या ‘विशेष वसाहतीं’मधली. तिथं सगळीकडे काटेरी तार नव्हती. तारेची गरजच नव्हती. शेकडो किलोमीटर जंगल, छातीइतका बर्फ, आणि परवानगीशिवाय वसाहत सोडली तर शिक्षा. लाकडी बराकी, ढेकूण, एकेका खोलीत दोन-तीन कुटुंबं. बाप आणि थोरली मुलं झाडं तोडायला जात, आई फांद्या छाटायला. दिवसाला ठरलेलं काम पुरं झालं तर ठरलेला पाव, कमी भरलं तर पावही कमी. पाव कमी मिळाला की अंगात ताकद कमी, ताकद कमी म्हणजे उद्याचं काम आणखी कमी. या हिशेबात कुणाला गोळी घालावी लागत नाही. माणूस आपोआप संपतो. उन्हाळ्यात डास आणि हिरड्यांतून रक्त काढणारा स्कर्व्ही. लोक जंगली लसूण, बेरी, नेटलचा खाजरा पाला शोधत. ज्या आयांना हे ओळखता आलं त्यांची मुलं जगली, असं अनेक आठवणींत येतं.

ज्यांना रीतसर शिक्षा झाली होती त्यांची गत याहून वाईट. गुस्ताव हेर्लिंग-ग्रुजिन्स्की हा विशीतला लेखक सरहद्द ओलांडताना पकडला गेला, पाच वर्षांची शिक्षा होऊन अर्खांगेल्स्ककडच्या येर्त्सेवो छावणीत गेला. पुढं इस्रायलचा पंतप्रधान झालेला मेनाहेम बेगिन पेचोराच्या छावणीत होता. आणि सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी, पोलीस, वकील, डॉक्टर १९४० च्या वसंतात कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी गोळ्या घालून मारले गेले होते. त्यांच्या बायकांची पत्रं ‘पत्ता लागत नाही’ असा शेरा घेऊन परत येत होती.

इथून पळून जाता येत होतं का? १९५६ साली स्वावोमिर राविच नावाच्या पोलिश माणसाचं एक पुस्तक निघालं आणि जगभर खपलं. सायबेरियातल्या छावणीतून निसटून, गोबीचं वाळवंट, तिबेट आणि हिमालय पायी ओलांडून आपण हिंदुस्थानात पोहोचलो, असं त्यात होतं. त्यावर २०१० मध्ये हॉलिवूडनं सिनेमाही काढला. मात्र २००६ मध्ये बीबीसीच्या हाती जे जुने कागद लागले त्यांतून दिसलं की राविच १९४२ मध्ये इतर पोलिश कैद्यांसारखाच माफीवर सुटून इराणला गेला होता. कहाणी थरारक होती, एवढं खरं. वाचकाला पळून जाणारा वीर हवा असतो, आणि त्यात गैर काही नाही. पण हजारो लोक खरोखर ज्या रीतीनं सुटले ती रीत वेगळी आहे आणि, माझ्या मते, जास्त हादरवणारी आहे. एका हुकूमशहाची दुसऱ्या हुकूमशहाशी दोस्ती तुटली, म्हणून दार उघडलं. ते वर्षभर किलकिलं राहिलं आणि बंद झालं.

२२ जून १९४१ ला हिटलरनं सोव्हिएत संघावर हल्ला केला. एका रात्रीत स्टॅलिन ब्रिटनचा मित्र झाला आणि ब्रिटनच्या आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारशी त्याला बोलावं लागलं. लंडनमध्ये ३० जुलैला पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांचा करार झाला. १२ ऑगस्टला मॉस्कोनं पोलिश नागरिकांना ‘माफी’ जाहीर केली. गुन्हा काय केला होता ते मात्र कुणी सांगितलं नाही. सोव्हिएत कैदेत वीसेक महिने सडत पडलेले जनरल व्लादिस्लाव अँडर्स ४ ऑगस्टला लुब्यांका तुरुंगातून बाहेर आले ते थेट नव्या पोलिश सैन्याचे सेनापती म्हणून.

कागदावरची माफी जंगलात पोहोचायला वेळ लागला. काही ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी ती दाबून ठेवली, कारण लाकूडतोडीची माणसं हातची जाणार होती. हेर्लिंगला आणि त्याच्या काही सोबत्यांना सोडलंच नाही. त्यांनी उपास मांडला, आणि हेर्लिंग जानेवारी १९४२ मध्ये सुटला. सोव्हिएत आकड्यांप्रमाणे सुटलेली माणसं ३ लाख ८९ हजार. सुटका म्हणजे बराकीतून बाहेर जाण्याचा एक कागद. पुढचं सगळं ज्याचं त्यानं बघायचं.

सैन्य दक्षिणेकडे जमतंय एवढी बातमी कानोकानी गेली आणि अख्खा पोलंड जणू रशियातून दक्षिणेला वाहू लागला. तराफे करून नदीतून, मालगाड्यांच्या डब्यांतून, पायी. गाडी केव्हा सुटेल ठाऊक नसायचं. पाव आणायला उतरलेली आई फलाटावर राहायची आणि पोरं पुढं जायची. अशा चुकामुकी जन्मभराच्या ठरल्या. उझबेकिस्तानात पोहोचल्यावर थंडी गेली, पण टायफस आणि हगवण आली. ज्या हिवाळ्यात हे लोक ‘मुक्त’ होते त्या हिवाळ्यात त्यांच्यातले मेले ते अतोनात.

सैन्याच्या छावणीभोवती बायकापोरांचा गराडा पडला. अँडर्सनं शिपायांच्या शिध्यातून त्यांना वाटा दिला. मार्च १९४२ मध्ये स्टॅलिननं सांगितलं की ४४ हजारांपेक्षा जास्त शिधा मिळणार नाही, जास्तीची माणसं इराणला न्या. तेव्हा इराणच्या दक्षिण भागात ब्रिटिश फौजा होत्या. ब्रिटिशांना शिपाई हवे होते, बायकापोरं नको होती. अँडर्सनं दोन्ही नेली. हा त्याचा सर्वांत मोठा निर्णय, पुढच्या सगळ्या लढायांपेक्षाही मोठा. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला एकदा आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा, क्रास्नोव्होद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्रावरून गच्च भरलेली जहाजं इराणच्या पहलवी बंदराला लागली. डेकवर पाय ठेवायला जागा नव्हती, प्यायला पाणी नव्हतं. मिळून सुमारे १ लाख १५ हजार माणसं बाहेर पडली, त्यांत सदतीस हजारांवर नागरिक होते. माफी मिळालेल्यांच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही ही संख्या नाही.

पहलवीच्या वाळूत तंबू ठोकले होते. कपड्यांची होळी झाली, डोकी भादरली गेली. ब्रिटिशांनी मायेनं मेंढीच्या मांसाचं चरबीदार जेवण वाढलं, आणि दोन वर्षं उपाशी राहिलेली कितीतरी माणसं ते खाऊन मेली. पहलवीला आणि तेहरानला त्यांच्या कबरी आहेत.

मागं राहिलेल्यांसाठी दार लवकरच मिटलं. जानेवारी १९४३ मध्ये मॉस्कोनं उरलेल्या सगळ्यांना सोव्हिएत नागरिक ठरवून टाकलं. एप्रिलमध्ये जर्मनांनी कातिनची थडगी उघडी केल्याचं जाहीर केलं. पोलिश सरकारनं रेडक्रॉसची चौकशी मागितली, तेवढं निमित्त करून स्टॅलिननं त्याच्याशी संबंधच तोडले. कातिन आपलंच कृत्य, ही कबुली मॉस्कोनं दिली १९९० मध्ये.

इराणात इतकी माणसं ठेवायची कुठं? तिथं आधीच अन्नाची टंचाई होती. पूर्व आफ्रिका, पॅलेस्टाइन, मेक्सिको, न्यूझीलंड अशी पांगापांग सुरू झाली. हिंदुस्थानात पहिला पुढाकार घेतला नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी. ते नरेंद्र मंडळाचे चान्सलर होते, लंडनच्या युद्धमंत्रिमंडळात हिंदी संस्थानिकांच्या बाजूनं बसले होते. जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडीला त्यांनी मुलांसाठी छावणी उभी केली. वांद्र्यातली मुलं १९४२ च्या जुलैत तिकडे गेली. फादर फ्रांचिशेक प्लुता छावणीचे प्रमुख होते. मुलं जामसाहेबांना ‘बापू’ म्हणत. क्षयाची लागण झालेल्यांची सोय साताऱ्याकडे, पाचगणीला झाली.

पण कुटुंबंच्या कुटुंबं राहतील अशी मोठी जागा लागणार होती. ती वळिवड्याला मिळाली. कोल्हापूरहून पाचेक किलोमीटर, मिरज-कोल्हापूर लोहमार्गाला लागून, पंचगंगेजवळ. गादीवरचे छत्रपती तेव्हा अवघे दीडेक वर्षांचे होते आणि कारभार रीजन्सीकडे, म्हणजे ब्रिटिशांच्या मुठीत होता. त्यामुळे वळिवड्याचा निर्णय जामसाहेबांच्या बालाचडीसारखा एका राजाच्या उदारपणाचा नव्हता. हिंदुस्थान सरकारनं जागा ठरवली आणि खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावर पडला. कुणाला कशाचं श्रेय, हे नीट सांगितलं तर कोल्हापूरकरांचं काही कमी होत नाही. शेजारधर्म त्यांनीच पाळला, आणि तो सरकारी ठरावानं पाळता येत नाही.

१९४३ च्या उन्हाळ्यानंतर, इराणहून कराचीला आणून तंबूंत ठेवलेली माणसं गाड्या भरून येऊ लागली. कौलारू छपरांच्या, तट्ट्याच्या भिंतींच्या बराकींच्या रांगा. प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या, स्वैपाकाची जागा, पुढं पडवी. दोन वर्षं एका खोलीत आणखी दोन कुटुंबांसोबत काढलेल्या बाईला आपल्या दाराला आतून कडी लावता येणं म्हणजे काय वाटलं असेल! पडव्यांपुढं फुलझाडं लागली, भाज्यांचे वाफे झाले. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, चर्च, इस्पितळ, नाटकाचा मंच, बालवीरांची पथकं उभी राहिली. वस्तीत बायकामुलंच जास्त, पुरुष बहुतेक सैन्यात. शाळांची तर झुंबडच होती, कारण बारा-तेरा वर्षांच्या मुलांची दोन-तीन वर्षं जंगलात गेलेली. आसपासच्या गावांतले भाजीवाले, दूधवाले, शिंपी, धोबी यांचं तिथं येणंजाणं सुरू झालं. पोरं मराठी उचलू लागली. पुढं एका पोलिश मुलीनं कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं आणि ती इथलीच झाली.

आता याच दिवसांत आजूबाजूला काय चाललं होतं ते बघा. २४ जुलै १९४३ ला, वळिवड्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तट फोडून निसटले. खंदकात उड्या मारल्या, मागून गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव ठार झाले, दादांना गोळी लागली आणि ते पकडले गेले. सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहत होतं. कोल्हापुरात आदल्याच वर्षी दोन स्त्रियांनी गव्हर्नर विल्सनचा पुतळा विद्रूप केला होता. स्टॅलिनच्या कैद्यांना आसरा देणारं साम्राज्य आणि वसंतदादांवर गोळ्या झाडणारं साम्राज्य एकच होतं. दोन्ही तुरुंग सारखे, असं मला म्हणायचं नाही. सांगलीत निदान खटला चालायचा, नाव नोंदलं जायचं, वर्तमानपत्र ओरडायचं. कोमीच्या जंगलात आठ वर्षांच्या मुलीवर खटलाही चालला नव्हता. तरी त्या पावसाळ्यात मिरजेच्या फलाटावर एका बाजूला सुटलेले आणि दुसऱ्या बाजूला बेड्यांतले उभे असू शकत होते, आणि दोघांवर पहारा एकाच सरकारचा होता. आणखीही एक गोष्ट नोंदवायला हवी. ब्रह्मदेशातून चालत आलेल्या आपल्याच लोकांसाठी अशी वस्ती कुणी उभारली नाही, आणि त्याच वर्षी बंगालात माणसं रस्त्यावर भुकेनं मरत होती. यात पोलिश बायकांचा दोष नव्हता. सरकारला करायचं ठरवलं की काय करता येतं, याचा पुरावा मात्र वळिवड्यानं दिला.

मुंबईचं चित्र आणखीच गुंतागुंतीचं. १९४२ च्या जुलैत कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली होती, १९४३ च्या मे महिन्यात त्याचं पहिलं अधिवेशन मुंबईतच भरलं. अण्णा भाऊ साठे यांनी त्याच वर्षी स्तालिनग्राडचा पोवाडा लिहिला. कामगारवस्त्यांतला तो उत्साह खोटा नव्हता, स्तालिनग्राडमध्ये हिटलरचं कंबरडं खरंच मोडलं होतं. पण त्याच शहरातून गेलेल्या पोलिश मुलांना दुसरा स्टॅलिन ठाऊक होता, आणि त्यांचं ऐकायला तेव्हा कुणालाच सवड नव्हती. डाव्यांना नव्हती हे समजतं. खुद्द ब्रिटिशांनाही नव्हती. मित्रराष्ट्राला दुखवायचं नाही म्हणून लंडननं कातिनचा विषय दाबला. छावणीतून सुटलेल्या माणसानं तोंड उघडलं तर ते जर्मन प्रचाराला मदत करणं ठरायचं. हेर्लिंगचं छावणीच्या आठवणींचं पुस्तक इंग्रजीत आलं १९५१ मध्ये, सोल्झेनित्सिनचं छावण्यांवरचं ‘गुलाग’ मूळ रशियनमध्ये १९७३ मध्ये. आपल्याकडे मात्र १९४२ पासूनच साक्षीदार वांद्र्याला आणि वळिवड्याला बसलेले होते.

वळिवड्यातल्या बायकांचे नवरे आणि भाऊ तोवर इटलीत होते. १८ मे १९४४ ला मोंटे कसिनोच्या मठावर पोलिश निशाण लागलं. त्याआधी त्याच डोंगरावर चौथ्या हिंदी डिव्हिजननं रक्त सांडलं होतं. १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, आणि त्याच रात्री त्याच आघाडीवर अँडर्सची पोलिश कोअरही नदी पार करत होती. नगर जिल्ह्यातला शेतकऱ्याचा मुलगा आणि अर्खांगेल्स्कच्या जंगलातून सुटलेला शिपाई एकाच सैन्यात लढत होते. वळिवड्याच्या टपालात येणारी पत्रं या आघाडीवरून यायची. काहींची पत्रं येणं थांबायचं.

लढत होते ते घरी जायला. घर मात्र राहिलं नव्हतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टॅलिन यांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देऊन टाकला. वळिवड्यातल्या बहुतेकांची गावं याच पट्ट्यातली. जुलैत ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला दिली. ज्यांनी उचलून नेलं त्यांच्याच छत्राखाली परत जायचं का, हा प्रश्न प्रत्येक पडवीत आला. बालाचडीच्या अनाथ मुलांबाबत तो फार तापला. नवं सरकार त्यांना मागू लागलं, तेव्हा जामसाहेब, फादर प्लुता आणि एक ब्रिटिश अधिकारी यांनी मिळून त्यांचं पालकत्व कायद्यानं स्वतःकडे घेतलं. वॉर्साच्या लेखी फादर प्लुता मुलं पळवणारा गुन्हेगार ठरला. थोडी माणसं पोलंडला परतली. बहुतेक ब्रिटनला गेली, काही ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला, पूर्व आफ्रिकेला. कीरा बानासिन्स्का भारतातच राहिल्या. १९४६ च्या अखेरीस बालाचडी बंद होऊन उरलेली मुलं वळिवड्याला आली होती, आणि १९४८ च्या सुरुवातीला वळिवडेही रिकामं झालं.

त्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनं घरदार गेलेली सिंधी कुटुंबं तिथं आली. आज त्याच जागेला गांधीनगर म्हणतात आणि तिथला कापडाचा घाऊक बाजार महाराष्ट्र-कर्नाटकातल्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. आम्हां मुंबईतल्या ट्रॉम्बेकरांना यात नवल वाटू नये. ट्रॉम्बेच्या अलीकडचा चेंबूर कॅम्प असाच, लष्करी बराकींत निर्वासित सिंधी येऊन उभा राहिला. एका लोंढ्यासाठी उभारलेलं छप्पर दुसऱ्या लोंढ्याला कामी येतं. बांधताना कुणाच्या मनात ते नसतं.

वळिवड्याची मुलं म्हातारी होऊन परत परत आली. त्यांच्या संघटनेनं कोल्हापुरात महावीर उद्यानात स्तंभ उभारला. २०१९ मध्ये, त्यांच्या हद्दपारीला कारण झालेल्या हल्ल्याला ऐंशी वर्षं झाली तेव्हा, वळिवड्याला समारंभ झाला. वॉर्सात ‘चांगल्या महाराजां’च्या, म्हणजे जामसाहेबांच्या, नावाचा चौक आहे आणि कोल्हापूरचं स्मारकही. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान तिथं गेले. हे सगळं उचितच आहे. फक्त समारंभांत अतिथी आणि यजमान एवढेच उरतात, आणि ज्या राजवटीनं या माणसांना अतिथी व्हायला लावलं तिचं नाव भाषणांत पुटपुटल्यासारखं येतं.

हद्दपार झालेल्यांची नावं एकेक करून गोळा करण्याचं काम वॉर्साच्या ‘कार्ता’ संस्थेनं मॉस्कोच्या ‘मेमोरियल’बरोबर वर्षानुवर्षं केलं. २८ डिसेंबर २०२१ ला रशियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘मेमोरियल’ बंद करण्याचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी तिला शांततेचं नोबेल विभागून मिळालं, पण मॉस्कोतलं दार बंदच राहिलं. म्हणून आपल्याकडे जे आहे त्याची किंमत आता वाढली आहे. वळिवडे, गांधीनगर, पाचगणी, वांद्रे इथल्या ज्या घरांत त्या काळच्या चिठ्ठ्या, फोटो, हिशेबाच्या वह्या असतील, किंवा दूध घालायला, शिवणकामाला छावणीत गेलेल्या आजी-आजोबांचं बोलणं कुणाच्या लक्षात असेल, त्यांनी ते लिहून काढावं आणि जवळच्या विद्यापीठाला किंवा पुराभिलेखागाराला द्यावं. ती पिढी आता नव्वदीच्या पुढं गेली आहे.